रुखमाबाईचा जपानी चाकू

लटारू गुरनुले जपानला गेला, तो केवळ त्याला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून.

साल पंचावन्न. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि जपानी पद्धतीनं धान लावा म्हणून सरकार हात धुऊन आमच्या मागं लागलं होतं. दोरी ताणायची, ओळ धरायची, आणि ओळीतच रोवणा, म्हणजे लावणी, करायचा. आमच्याकडं बायका चिखलात वाकून, गाणी म्हणत मागं मागं सरकत आणि जिकडं गाणं जाईल तिकडं धान जाई. पीकही त्या मानानं येई. एक दिवस शेतकी खात्याचे साहेब जीप घेऊन आले आणि चावडीसमोर म्हणाले, काही शेतकऱ्यांना खुद्द जपानात नेऊन ही शेती दाखवायची आहे, खर्च सरकारचा, तुमच्या गावातून कोण येतो?

लगेच आमचे माजी मालगुजार गुणवंतराव यांची आई आजारी पडली. सकाळी ती विहिरीवर भांडताना दिसली होती. माझे वडील नानाजी म्हणाले, "मले समुद्राचं पानी बाधते जी." त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण इतक्या ठामपणे म्हणाले की साहेबांनी मान डोलावली. असे सगळे सुटले. शेवटी साहेबांची नजर सर्वांत मागं, कडुलिंबाला टेकून उभ्या असलेल्या लटारूवर गेली.

"तुम्ही येता का?"

"बरं," लटारू म्हणाला.

हा त्याचा शब्द. आमचं घर आणि त्याचं घर यांच्यात फक्त एक बांबूचा कुड, त्यामुळं मी तो शब्द जन्मापासून ऐकत आलो. कोणी बैल मागितले, बरं. कोणी मागितलेले बैल लंगडे करून परत आणले, बरं. मारोतीच्या देवळाचा कळस चढवायला कोणी वर चढेना, तर लटारूला विचारलं. तो चढला आणि पडला. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं, पुन्हा बरं. माणूस चांगला होता यात शंका नाही. पण चांगल्या माणसाच्या शेजारी राहणं ही सोपी गोष्ट नाही, आणि चांगल्या माणसाशी लग्न करणं त्याहून नाही. ते रुखमाबाईनं केलं होतं.

रुखमाबाई त्याची बायको. अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक, आणि हाताला अशी चव की तिच्या घरी वांग्याची भाजी शिजली की आमच्या घरचे लोक कुडाजवळ काहीतरी काम काढत. पण लटारू जपानला जाण्याच्या आदल्या पावसाळ्यात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या डोक्यावर घेऊन बांधावरून जाताना ती घसरली आणि उजव्या गुडघ्यावर पडली. वैदूनं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. सोडला तेव्हा पाय जागेवर होता, पण गुडघा वाकायचा बंद झाला तो कायमचा.

आता ज्यांनी पावशीवर भाजी चिरली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांच्याकडं पावशीला विळी म्हणतात त्यांनाही नको. पाट जमिनीवर, पातं वर, एक पाय दुमडून पाटावर दाबायचा आणि दोन्ही हातांनी भाजी पात्यावर न्यायची. पाय दुमडला नाही तर पावशी नाही, आणि पावशी नाही तर भाजी नाही. चुलीपाशी ती एक पाय लांब करून कशीबशी बसे, ढवळी, फोडणी देई. पण चिरायला तिची धाकटी जाऊ शकुबाई येऊ लागली.

शकुबाई पहिल्या महिन्यात विचारायची, "बाई, आज काय चिरू?" दुसऱ्या महिन्यात सांगायची, "बाई, आज दोडका चिरला." त्यानंतर सांगणंही बंद झालं. जे चिरलं असेल ते शिजवायचं. घरात राज्य कोणाचं हे पाहायचं असेल तर पावशी कोणाच्या पायाखाली आहे ते पाहावं, असं माझी आई म्हणे. वांगं शकुबाईला आवडत नसे. रुखमाबाईच्या घरून वांग्याचा वास यायचा थांबला. पुढं पुढं शकुबाई असंही बोलू लागली, की बाईला आता झेपत नाही तर दोन चुली कशाला पेटवायच्या, सगळं माझ्याच चुलीवर होऊ द्या, बाईनं ओसरीत आराम करावा. लटारूला विचारलं असतं तर तो बरं म्हणाला असता. म्हणून रुखमाबाईनं कोणालाही ते त्याला विचारूच दिलं नाही. जमिनीवर लांब केलेल्या पायानिशी ती आपली चूल राखून बसली होती.

निघताना तिनं त्याला एवढंच सांगितलं, "मले काही आणू नोका. सुखरूप या."

"बरं," तो म्हणाला, आणि नागभीडहून छोट्या गाडीत बसला.

जपानात काय काय झालं ते त्यानं मला पुढं कधीतरी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. गावाला त्यानं जे सांगितलं ते असं: "धान आपल्यासारखंच हाये. चिखल बी." खायला काय दिलं म्हणून माझ्या आईनं विचारलं तर म्हणाला, "इचारलं नाई." समोर आलं ते त्यानं खाल्लं. बरोबरचे पंजाबी, मद्रासी, बंगाली शेतकरी कच्चा मासा बघून ताट सरकवत होते. याला सरकवता येत नव्हतं.

त्याचं लक्ष मात्र भाताच्या बांध्यांपेक्षा दुसरीकडंच गेलं. ज्या शेतकऱ्याच्या घरी त्यांना ठेवलं होतं तिथली म्हातारी सकाळी उठे, कमरेएवढ्या उंच फळीसमोर उभी राही, आणि उभ्याउभ्या मुळा चिरी. एका हातानं मुळा दाबून धरलेला, दुसऱ्या हातात चाकू. मुळा जागेवरच, चाकू त्याच्याकडं जातो. आमच्याकडं नेमकं उलटं. लटारू म्हणे, मी रोज सकाळी दारात उभा राहून तिचे पाय पाहायचो. कोणत्याच पायाचं काही काम नव्हतं. म्हातारीला हा पाहुणा जरा चमत्कारिक वाटला असणार.

परत निघायच्या आधी सगळ्यांना ओसाकाजवळच्या सकाई गावी नेलं. तिथं बाजारात हिंडायला वेळ दिला. कोणी छत्र्या घेतल्या, कोणी फाउंटन पेन. दुभाषी घड्याळं घेणाऱ्यांबरोबर गेला. लटारू एकटा एका चाकूच्या दुकानात शिरला. उभ्या आयुष्यात कोणी न सांगता त्यानं केलेली ही पहिली गोष्ट.

दुकानदार म्हातारा होता. लटारूनं हातवारे करून सांगितलं: बायको. गुडघा. वाकत नाही. उभी. भाजी. म्हाताऱ्यानं ऐकून, म्हणजे पाहून घेतलं आणि एक चाकू पुढं ठेवला. पातं रुंद, पातळ, आणि टोकाशी चौकोनी. टोक नाहीच. म्हाताऱ्यानं मुळा आणून चिरून दाखवला, चकत्या अशा की पलीकडचं दिसावं. हाच भाजीचा चाकू, असं त्याचं म्हणणं होतं.

लटारूला तो सत्तूर वाटला. आमच्याकडं असल्या चौकोनी पात्याचं हत्यार खाटकाकडं असतं. बकरा तोडायचं हत्यार रुखमाबाई आपल्या चुलीजवळ येऊ देणार नाही, याची त्याला खात्री होती. त्यानं मान हलवली आणि फळीवरच्या दुसऱ्या चाकूकडं बोट दाखवलं. तो देखणा होता. पातं निमुळतं होत जाऊन पुढं टोकदार. म्हाताऱ्यानं पुन्हा चौकोनी पुढं सरकवला. लटारूनं पुन्हा टोकदाराकडं बोट केलं. इथं तो चुकला. आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकणारा माणूस, जिथं ऐकायला हवं होतं तिथं नेमका अडून बसला.

म्हाताऱ्यानं सुस्कारा टाकला आणि टोकदार चाकू उचलला. टोक फळीच्या फटीत घालून पिळल्यासारखं करून दाखवलं आणि जोरजोरानं हात हलवला: असं करू नका, मोडेल. लोखंड कडक आहे, वाकणार नाही, तुटेल. हे लटारूला चांगलं समजलं. मग म्हाताऱ्यानं छोटी छिन्नी आणि हातोडी घेतली आणि प्रश्नार्थक पाहिलं. तेही समजलं. आपल्याकडं कासाराकडून पाण्याचा पितळी गुंड घेतला की तो विचारतोच, नाव काय घालू?

लटारूच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर त्याच्या बापाचं नाव होतं. त्यानं कागदावर आपलं नाव लिहायला घेतलं, ल काढला, आणि थांबला. मग तो खोडून त्याखाली लिहिलं: रुखमा. म्हाताऱ्यानं त्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, हे वाचायचं कसं?

तर प्रश्न उभा राहिला. आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर "आयकलं का" किंवा "मंगलीची माय." मंगली त्यांची मुलगी, रुखमाबाई पडायच्या आधीच सासरी गेलेली. लटारूनं दुकानात चहूकडं पाहिलं. आमच्या गावचं तिथं कोणी नव्हतं. तो म्हणाला, "रुखमा." म्हातारा म्हणाला, "रुकुमा." लटारूनं दुरुस्त केलं, "रुखमा." मला हे सांगताना तो दुसरीकडं पाहत होता. म्हणाला, "दोन डाव घेतलं लेका, जोरानं."

म्हाताऱ्यानं अक्षरं न कळता हुबेहूब कोरली. मुठीजवळ, जरा वाकडी.

गावात परतल्यावर लटारूनं पहिलं काम केलं ते स्वयंपाकघरात मातीचा ओटा घातला. कमरेएवढा उंच, कडेला दगडी फाडी बसवलेली, आणि चूलही उचलून त्याच्यावर. लोक बघायला आले. "आता काय उभ्यानं जेवान का?" माझ्या वडिलांनी विचारलं. लटारू म्हणाला, "बरं," जे उत्तर नव्हतं. मग त्यानं कापडातून चाकू काढला आणि ओट्यावर ठेवला. हातात दिला नाही, धारेचं हत्यार आम्ही हातात देत नाही, खाली ठेवतो आणि दुसऱ्यानं उचलायचं. टोक पिळायचं नाही, मोडते, एवढं सांगितलं. नावाचं सांगितलं नाही. रुखमाबाईला अक्षर येत नव्हतं. तिला वाटलं जपानी काहीतरी आहे.

तिनं त्या संध्याकाळी वांगी चिरली. मी कुडावरून पाहत होतो. पहिल्या वांग्यावर चाकू ठेवला आणि तो आपोआप खाली गेला, तेव्हा तिनं दचकून हात मागं घेतला. मग हसली. "चिरा लागत नाई बाप्पा, आपल्याच मनानं उतरते," म्हणाली. सगळी वांगी चिरून झाली तरी थांबेना, आणखी दोन कांदे चिरले, त्यांची गरज नव्हती. दारातून शकुबाई पाहत होती. पावशी पायानं बाजूला सारून ती आपल्या घरी गेली. त्या रात्री आमच्याकडंही वाटीभर भाजी आली. मला ती भाजी अजून आठवते, कारण पुढं बराच काळ ती परत खायला मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव आले. त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं आणि घरच्या कट्यारीची मूठ निसटली होती. हळद लागलेला नवरदेव आमच्याकडं मोकळ्या हातानं हिंडत नाही. त्याच्या हातात कट्यार असते, आणि कट्यारीच्या टोकाला लिंबू टोचलेलं असतं, नजर-बाधा लागू नये म्हणून. गुणवंतरावांनी ओट्यावरचा चाकू पाहिला. टोक पाहिलं.

"लटारू, एका लग्नापुरता दे."

"बरं."

तो पुतण्या म्हणजे गावातला नामांकित ठोंब्या. तिसरीत तीन वर्षं बसलेला. लग्न झालं आणि पावसाळ्याच्या आत तो रेल्वेत चिकटला. आता हे त्याच्या सासऱ्याच्या ओळखीनं झालं, हे सासरा स्वतः सांगत होता. पण त्याचं कोणी ऐकेना. गावानं ठरवलं, चाकूचा गुण. जपानी लोखंड, समुद्र ओलांडून आलेलं, त्याला लिंबू लागलं की नवरदेवाचं भलं होतं.

मग रांग लागली. आमच्या गावचे नवरदेव, शेजारच्या गावचे, सिंदेवाहीचे, पार मूल गावचे. जंगलातल्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, इसरू गोंड आपल्या पोरासाठी घेऊन गेला. परत आणताना तेवढ्यानं चाकू पुसून आणला. बाकीचे तसाच आणत, हळद आणि लिंबाचा रस वाळलेला, आणि जिथं रस लागला तिथं काळे डाग. जपानी लोखंडाला आंबट चालत नाही, हे त्या म्हाताऱ्यानंही सांगितलं नव्हतं. कोणी त्याच्या टोकाला लिंबू टोचून गावभर मिरवेल हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. लटारू प्रत्येक वेळी राखेनं घासायचा, जवसाचं तेल लावायचा आणि पुढच्या नवरदेवाला "बरं" म्हणायचा.

प्रत्येक वरात परतताना रुखमाबाईला नारळ आणि चोळीचा खण देई. घरात नारळ इतके झाले की वाटेत पायाला लागत. पण नारळानं भाजी चिरता येत नाही. शकुबाई पुन्हा येऊ लागली.

शिकलेल्या पोरांनी, त्यात मी आलो, चाकूवरचं नाव अर्थातच वाचलं होतं. आम्ही लटारूला चिडवायचोही. "भाऊ, बायकोचं नाव लोखंडावर?" तो इतका लाजायचा की आम्हालाच कसंतरी व्हायचं. "तिले सांगू नोका," एवढंच म्हणायचा. आम्ही सांगितलं नाही. गावात तशी बायकांना कोणी काही वाचून दाखवत नसे.

लग्नाचा मोसम संपला, पावसाळा आला. रुखमाबाईनं वाट पाहिली होती ती याचीच. तिनं चाकू काढून कांदा चिरला. नेमके माझे वडील बैल मागायला आले.

"हे काय? नवरदेवायच्या हातची कट्यार, अन् तिच्यानं कांदे? लग्नाचं हत्यार चुलीले लागलं तर पुढच्या नवरदेवाचं काय होईन?"

अशी रीत कुठंही नव्हती. माझ्या वडिलांनी ती तिथंच उभ्याउभ्या काढली. पण आमच्या गावात रीत पडायला वेळ लागत नाही, कोणीतरी वयस्कर माणसानं मोठ्यानं बोलायची खोटी. संध्याकाळपर्यंत सगळं गाव ती आजोबा-पणजोबांच्या काळची म्हणून सांगू लागलं. लटारू "बरं" म्हणाला. चाकू लाल फडक्यात गुंडाळून खुंटीला लटकला. रुखमाबाई ओट्यासमोर उभी राहून त्याच्याकडं बघायची. काहीच बोलायची नाही, आणि ती बोलत नाही हे वाईट लक्षण आहे असं माझी आई म्हणे. शकुबाई आता उघडच म्हणू लागली होती, की बाईच्या चुलीची माती झडली आहे, येत्या आषाढात, आखाडीच्या सणाला, ती फोडूनच टाकू.

अठ्ठावन्न सालच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. मुलगी मूलकडची, घर चांगलं, आणि सासऱ्याच्या मंडळींनी आधीच निरोप पाठवला होता: जपानी चाकू येणार ना? आला नाही तर आमची मान खाली जाईल. माझ्या वडिलांनी कळवलं, चाकू आमच्या कुडापलीकडंच राहतो.

हळदीच्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका आमच्या मांडवात. शकुबाई तर सकाळपासून. आणि त्याच दिवशी लटारूकडं मंगली आणि तिचा नवरा अचानक आले. ओटा घातल्यापासून जावई पहिल्यांदाच सासुरवाडीला जेवायला बसणार होता. घरात वांगी होती, तांदूळ होते, लेक होती, पण ती प्रवासानं आणि दिवस गेल्यामुळं आडवी झालेली. पावशीवर बसायला कोणी नव्हतं. शकुबाईला बोलवायला पाठवलं तर तिनं निरोप दिला, "जावयाले इथीच मांडवात आणा म्हणा. बाईच्यानं काय होते आता?"

हा निरोप रुखमाबाईच्या कानावर पडला, आणि तिनं खुंटीवरचं लाल फडकं सोडलं.

आम्ही पोचलो ते तेव्हा. पुढं सनई, डफ, मग माझे वडील, मग मी, अंगभर हळद, डोक्याला बाशिंग, हातात लिंबू. कट्यार घेऊन मारोतीला जायचं आणि मग मूलकडं बैलबंड्या हाकायच्या. लटारू अंगणात उभा होता, जावई ओसरीत बसला होता. दारातून आत पाहिलं तर रुखमाबाई ओट्याशी उभी राहून माझ्या लग्नाच्या कट्यारीनं वांगी चिरत होती.

"रुखमाबाई!" माझे वडील ओरडले. "काय करून राह्यली तू?"

"दिसत नाई का? जावयाले जेवू घालून राह्यली."

"पोराचं लग्न हाये माह्या! लग्नाची कट्यार हाये ते!"

"कट्यार नोहे. चाकू हाये. वांग्यासाठीच आणला यायनं."

वडील लटारूकडं वळले. "लटारू, सांग ना तिले. पुसून दे म्हणा."

लटारूच्या तोंडात 'बरं'मधला ब तयार झालेला मी डोळ्यांनी पाहिला. ओठ मिटले होते, उघडायचेच बाकी होते. रुखमाबाईनंही ते पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तिला तो ब पाठ होता. तिनं हातातलं वांगं खाली ठेवलं. चाकूचं टोक ओट्याच्या दगडी फाडीच्या भेगेत घातलं, मूठ दोन्ही हातांनी धरली, आणि सकाईच्या म्हाताऱ्यानं जसं करू नका म्हणून सांगितलं होतं, तसंच केलं.

टक् असा बारीक आवाज झाला. टोक भेगेत राहिलं. सनईवाला थांबला.

"आता टोचा लिंबू," ती म्हणाली.

मला संताप आला. आजही आठवलं की येतो. लग्न माझं, हळद माझी, सासऱ्याच्या गावची मंडळी वाट पाहत बसलेली, आणि सगळ्या नवरदेवांना मिळालेली गोष्ट नेमकी माझ्या वेळी मोडली. मी ओरडलो, "बाई, तुमचंच नाव हाये ना त्याच्यावर! भाऊनं जपानात कोरून आणलं, अन् तुमीच मोडला!"

 रुखमाबाईनं चाकू वर उचलून मुठीजवळ पाहिलं.

"हे माह्यं नाव हाये?"

लटारू छपराकडं पाहू लागला. कौलं होती, बाकी काही नव्हतं.

"खरं काय जी?"

"हो," तो म्हणाला.

तिनं त्या वाकड्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग आमच्याकडं वळली. माझ्याकडं, माझ्या वडिलांकडं, डफवाल्याकडं, दारात गर्दी केलेल्या सगळ्या पुरुषांकडं, ज्यातले निम्मे तो चाकू हातात धरून बोहल्यावर चढले होते.

"माह्या नावाचा चाकू इतके नवरदेव मिरवून आले," ती म्हणाली, "अन् मलेच वांगं चिरू देत नोते?"

 पण माझे वडील असल्या गोष्टींनी थांबणारे नव्हते. त्यांना बंड्या हाकायच्या होत्या. ते लटारूच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ दे. टोक नसन तर नसन, लिंबू दोऱ्यानं बांधू. जपानी ते जपानीच. दे इकडं."

लटारू छपराकडून खाली आला, म्हणजे नजरेनं. बायकोकडं पाहिलं. तिच्या हातात चाकू होता, बोटाला वांग्याची एक बी चिकटली होती. तिचे डोळे भरले होते, आणि ते रागानं नव्हे हे मलाही कळत होतं.

"नाई," लटारू म्हणाला.

माझ्या वडिलांनी हात काढून घेतला. "काय म्हनला?"

"नाई म्हनलो, नानाजी. तिचा होय तो."

वडील मागं वळले आणि मांडवाच्या मंडळींना, कोणी मेल्याची बातमी सांगावी त्या आवाजात म्हणाले, "नाई म्हणते हा."  आम्ही मारोतीला गेलो.

माझं लग्न अडकित्त्यानं झालं. आजीचा सुपारी कातरायचा अडकित्ता, त्याच्या जबड्यात लिंबू धरलं, आणि बोहल्यावर चढताना माझ्या हातून तो जरा जास्तच दाबला गेला. रस धोतरावर आला. मूलकडचे लोक हसले, ते अजून भेटले की हसतात. मला रेल्वेत नोकरी लागली नाही. ती न लागण्याचं कारण माझे वडील मरेपर्यंत तो अडकित्ता सांगत असत. बायको मात्र चांगली मिळाली, त्याचं श्रेय कोणी अडकित्त्याला देत नाही.

त्या दिवशी लटारूच्या जावयानं वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. शकुबाई दुसऱ्या दिवशी चिरायला आली तेव्हा ओट्यावर कांदा, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं चिरून मांडलेलं होतं. "बस बाई," रुखमाबाई म्हणाली, "चहा पिऊन जा." आखाडीला चूल फुटली नाही.

पावसाळ्यात मी लग्नानंतरचा राग घेऊन पहिल्यांदा कुडापलीकडं गेलो. राग दाखवायचा होता, पण वासामुळं जमलं नाही. लच्छू लोहारानं मोडलेलं टोक घासून सरळ केलं होतं. पातं आता पुढं चौकोनी दिसत होतं. लटारू ते बघून म्हणाला, "तो म्हातारा मले पयलेपासून असाच देऊन राह्यला होता. म्याच घेतला नाई." आणि मग त्यानं मला दुकानाची ती सगळी गोष्ट सांगितली. रुखमाबाई ओट्याशी उभी राहून चाकू धूत होती, आणि ऐकत नसल्यासारखं करत होती.

जवळ गेलो तेव्हा दिसलं, ती सगळं पातं राखेनं रगडून घासत होती. मुठीजवळच्या त्या अक्षरांवर मात्र राख लावत नव्हती, तेवढी जागा ओल्या पदरानं पुसत होती.